जुन्या गाडीचं तेल काय सांगतं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना ओंगण हा शब्द माहीत असेल. बैलगाडीच्या आखाला जे वंगण घालत, ते ओंगण. एरंडेलाचं ओंगण बांबूच्या नळकांड्यात भरून ते नळकांडं गाडीखाली टांगलेलं असे. लांबच्या गावाला निघायचं तर आधी चाकाला ओंगण, मग बैलांच्या मानेवर जू. ओंगण आटलं की चाक करकर करून साऱ्या गावाला सांगत असे. पुढे मोटारी आल्या, पण एरंडेलाने त्यांचीही सोबत केली. इंग्लंडमधल्या वेकफिल्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेलं इंजिन तेल बाजारात आणलं आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून, म्हणजे कॅस्टर ऑइलवरून, त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं.

आजच्या मोटारीत एरंडेल नसतं, खनिज किंवा कृत्रिम तेल असतं. पण त्याहून मोठा फरक दुसराच आहे. बैलगाडीचं चाक तक्रार आधी करायचं आणि झिजायचं नंतर. मोटारीचं इंजिन आधी झिजतं आणि तक्रार नंतर करतं. तक्रार ऐकू येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून इंजिनच्या तेलाची चौकशी आपणच करायची असते. गाडी जुनी, दुसऱ्याने वापरलेली असेल तर ती पहिल्याच दिवशी करायची असते. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी धारणीला गॅरेज चालवतो. आमच्याकडे नव्या कोऱ्या गाड्या कमी आणि जुन्या घेतलेल्या गाड्या जास्त. कुणी अमरावतीहून आणतो, कुणी अकोल्याहून, कुणी सीमेपलीकडून बऱ्हाणपूर-खंडव्याहून. सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले, नोकरीतली थकबाकी मिळाली, की घरासमोर एखादी जुनी व्हॅन नाही तर जीप उभी राहते. त्यात कमीपणा काहीच नाही. चांगली वापरलेली गाडी निम्म्या पैशांत मिळत असेल तर ती शहाणपणाचीच खरेदी आहे.

पण आमच्या भागाचं एक वेगळेपण आहे. धारणीपासून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत हरिसाल, सेमाडोह, घटांग, मग घाट उतरला की परतवाडा. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. चढ, उतार, वळणं, दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, आणि कितीतरी ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. अशा रस्त्यावर रात्री गाडी बंद पडली तर ढकलायला माणूस मिळत नाही, मेकॅनिक तर दूरच. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आली. तरी आडगावात एखादी बाई अडली की पहिली हाक जाते ती गावात ज्याच्या दारी गाडी उभी आहे त्याला. ती गाडी कुणाची खासगी असेल, पण रात्री दोन वाजता ती साऱ्या गावाची असते. म्हणून तिच्या इंजिनमध्ये कसलं तेल आहे, ही इथे नुसती मालकाच्या खिशाची बाब राहत नाही.

आता तेल नेमकं काय करतं ते थोडक्यात सांगतो. आपण म्हणतो, तेल वंगणासाठी. ते खरंच आहे, पण ते त्याच्या पाच कामांपैकी एक झालं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्यातला प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा खालीवर होतो. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये तेलाचा थर असतो, आपल्या केसाहूनही कितीतरी पातळ. हे पहिलं काम. जिथे पाणी पोचत नाही तिथली उष्णता वाहून आणणं, हे दुसरं. जळणाची काजळी आणि झिजलेल्या धातूची पूड पोटात घेऊन ती फिल्टरपर्यंत नेणं, हे तिसरं. पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यातली फट बुजवणं, हे चौथं. आणि गंज चढू न देणं, हे पाचवं.

गंज म्हटल्यावर कुणी विचारेल, इंजिनच्या आत पाणी आलं कुठून? तर एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातली बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, थोडी रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरते. इंजिन चांगलं तापलं की तीही उडून जाते. पण गाडी रोज घर ते बाजार, बाजार ते घर एवढीच फिरत असेल, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि पाणी तेलातच राहतं. म्हणजे कमी चाललेली गाडी नेहमीच चांगली, असंही नाही. हे पुढे उपयोगी पडेल.

आता येऊ मुद्द्यावर. जुनी गाडी घेताना बहुतेक लोक बॉनेट उघडतात, तेलाची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढून काढतात आणि रंग पाहतात. पिवळं तेल असलं की खूश, काळं असलं की नाराज. मागे एक गिऱ्हाईक माझ्याकडे नवी घेतलेली जुनी गाडी दाखवायला आलं. मोठ्या कौतुकाने म्हणाले, "भाऊ, तेल तं पाहा! मधावानी पिवळं हाय. गाडी एकदम टंच हाय."

मी म्हटलं, "दादा, तेल नवं हाय का इंजिन नवं हाय?"

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. विकायच्या आदल्या दिवशी तेल बदललं की पट्टीवर पिवळंच दिसणार. पिवळं तेल इतकंच सांगतं की ते अलीकडे घातलेलं आहे. त्या तेलाने अजून इंजिनमध्ये काही पाहिलेलंच नाही, तर ते साक्ष कसली देणार? उलट डिझेल गाडीचं तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. डिझेलच्या जळणात काजळी जास्त, आणि ती काजळी धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. काळं झालेलं तेल म्हणजे काम करणारं तेल. शेतात राबलेल्या माणसाचे कपडे मळतात, तसं. तेव्हा नुसत्या रंगावरून गाडी पसंतही करू नका आणि नापसंतही करू नका.

मग पाहायचं काय? आधी पातळी, आणि तीही नीट पद्धतीने. गाडी सपाट जागेवर उभी करा. हे सांगायचं कारण, आमच्याकडे सपाट जागा शोधावी लागते आणि उतारावर पट्टी खोटं बोलते. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं तेल खाली तळाच्या टाकीत, ज्याला आम्ही चेंबर म्हणतो, तिथे उतरतं. पट्टी काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून पाहा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर तेल वरपर्यंत लागलेलं असतं, ते मोजायचं नाही. पट्टीवर दोन खुणा असतात, किमान आणि कमाल. तेल त्यांच्या दरम्यान, शक्यतो वरच्या खुणेजवळ हवं. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं.

कमी तेल वाईट हे सगळ्यांना कळतं. पण खुणेच्या वर गेलेलं तेलही वाईट. फिरणारा क्रँक त्यात आपटतो, फेस होतो, आणि फेसाचं वंगण होत नाही. सीलवर दाब येतो तो वेगळाच. आणि न घालताच तेल वाढलेलं दिसलं तर सावध व्हा. त्याचा अर्थ तेलात दुसरं काहीतरी येतंय. पेट्रोल किंवा डिझेल येत असेल, नाही तर रेडिएटरचं पाणी. १ एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ नियमांच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल सोडून ती काजळी जाळते. गाडी नुसती गावातल्या गावात फिरत असेल तर हे जाळणं अर्धवट राहतं आणि थोडं थोडं डिझेल तेलात उतरत जातं. अशी गाडी जुनी म्हणून घेतली असेल तर पातळी वाढते का, हेही पाहायला हवं.

पातळीनंतर वास, स्पर्श आणि थेंब. पट्टीवरचा थेंब दोन बोटांत चोळा. तेल गुळगुळीत लागलं पाहिजे. कचकच लागली तर त्यात धूळ किंवा धातू आहे. वास घ्या. पेट्रोलचा झणझणीत वास येत असेल आणि तेल पाण्यासारखं पातळ झालं असेल, तर जळण आत झिरपतं आहे. जळकट, करपलेला वास आला तर इंजिन कधीतरी फार तापलेलं आहे, नाही तर तेल मुदतीच्या फार पुढे वापरलेलं आहे. हात नंतर साबणाने धुवा, आणि शक्य असेल तर हातमोजेच घाला.

मग वरचं तेल भरायचं झाकण उघडा. त्याची आतली बाजू पाहा. तिथे काळा, डांबरासारखा थर साचला असेल, तर पट्टीवरचं तेल कितीही पिवळं असो, त्या इंजिनने वर्षानुवर्षं वेळेवर तेल पाहिलेलं नाही. एका दिवसात तेल बदलता येतं, पण झाकणाच्या पोटातलं हे किटण सहसा कुणी खरवडत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती इथे. झाकणाला दह्याच्या सायीसारखा पांढरट लेप असेल तर तेलात पाणी आहे. आता मघाची गोष्ट आठवा. हिवाळ्यात थोडं थोडं चालणाऱ्या गाडीत झाकणापुरता असा लेप येऊ शकतो. गाडी तासभर चांगली चालवली की तो जातो. पण पट्टीवरचं तेलसुद्धा दुधाळ, चहाच्या रंगाचं असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवत घरी नेऊ नका. आणि रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नका.

आणखी दोन घरगुती परीक्षा सांगतो. पहिली, टीपकागदाची. टीपकागद नसेल तर कुठलाही शोषून घेणारा पांढरा कागद चालेल. गरम इंजिनच्या तेलाचा एक थेंब त्यावर टाका आणि कागद अधांतरी राहील असा काही तास ठेवा. थेंब हळूहळू पसरतो. मधून बाहेरपर्यंत डाग हळूहळू फिका होत गेला, तर तेलात अजून काजळी वाहून नेण्याची ताकद आहे. मध्ये काळाकुट्ट ठिपका आणि त्याला कोरून काढल्यासारखी कड दिसली, तर ती ताकद संपली, काजळी खाली बसायला लागली. दुसरी परीक्षा, तडतडीची. अंगणात पत्र्याचा तुकडा चांगला तापवा, विस्तवावरून बाजूला घ्या आणि लांबूनच काडीने त्यावर तेलाचा अगदी लहान थेंब सोडा. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज आला, तर तेलात पाणी आहे. शुद्ध तेल नुसतं पसरतं आणि धूर सोडतं. मात्र भाकरीचा तवा यासाठी वापरू नका, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

एवढं सगळं केलं तरी मी माझ्या गिऱ्हाइकांना एकच सांगतो. ही चौकशी झाली गाडी घेण्याआधीची. गाडी घेतल्यावर विकणाऱ्याने शपथ घालून सांगितलं की कालच तेल बदललं, तरी पहिल्या आठवड्यात तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण तीन लिटर, मोठ्या डिझेल जीपला पाच-सहा लिटर तेल लागतं. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. आणि त्यातून मिळतं काय? एक पक्की तारीख. या दिवशी, इतक्या किलोमीटरला, अमुक तेल, अमुक पातळीपर्यंत. मीटर मागे फिरवलेलं असू शकतं, चोपडी हरवलेली असू शकते. गाडीचा मागचा इतिहास आपल्या हातात नाही, पण इथून पुढचा आपल्याच हाताने लिहिता येतो.

तेल काढताना इंजिन कोमट असू द्या, म्हणजे मळ तेलाबरोबर बाहेर पडतो. निघणारं तेल भांड्यात घ्या आणि उन्हात तिरपं धरून पाहा. त्यात चमचम दिसली तर साधं लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलेली बारीक पूड म्हणजे लोखंड, ती जुन्या इंजिनमध्ये थोडी सापडणारच. पण चुंबकाला न चिकटणारे पिवळसर, तांबूस कण असतील तर ते बेअरिंगचे असू शकतात. जुना फिल्टर फेकू नका, मेकॅनिकला सांगून कापून घ्या आणि त्याच्या घड्या उलगडून पाहा. इंजिनच्या पोटातलं जे पट्टीवर दिसत नाही, ते तिथे साठलेलं असतं.

नवं तेल कोणतं घालायचं? गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं. याहून सोपं उत्तर नाही, पण नेमकं तेच टाळलं जातं. डब्यावर २०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. यातलं डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहाचा, तो जितका लहान तितकं तेल थंड इंजिनमध्ये लवकर वर पोचतं. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनमधल्या घट्टपणाचा, आणि तो मोजतात १०० अंश सेल्सिअसला. आपल्याकडे हमखास सल्ला मिळतो, "अकोल्याचं ऊन हाय बाप्पा, घट्ट तेल टाक." अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो हे खरं. पण तापलेल्या इंजिनमधलं तेल उन्हाळा असो की हिवाळा, शंभर अंशांच्या आसपासच असतं. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट मिळून इंजिनचं तापमान सांभाळत असतात. ज्या नव्या इंजिनच्या फटी पातळ तेलासाठी बेतलेल्या आहेत, त्यात घट्ट तेल घातलं तर सकाळी गाडी चालू केल्यावर ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं. आणि झीज होते ती बरीचशी त्याच वेळी.

घट्ट तेलाचा आणखी एक उपयोग आहे, तो विकणाऱ्याच्या फायद्याचा. झिजलेल्या इंजिनमध्ये नेहमीपेक्षा फार घट्ट तेल घातलं की खडखड कमी होते, धूरही काही दिवस झाकला जातो. गाडी विकली जाते आणि महिन्याभराने खरं रूप बाहेर येतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, अशी घेणाऱ्याची गत होते. म्हणूनही पहिल्या आठवड्यातच पुस्तकातलं तेल घालायचं. मग इंजिन आपल्या खऱ्या आवाजात बोलायला लागतं. तेल सीलबंद डब्यातलं, पक्क्या बिलावरच घ्या.

आणि आता खरी परीक्षा सुरू होते. नवं तेल घातल्यावर पहिले हजार किलोमीटर. दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, त्याच सपाट जागेवर पट्टी पाहायची आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या: तारीख, किलोमीटर, पातळी. एका दिवसाचं तेल फारसं सांगत नाही. हजार किलोमीटरचं तेल सगळं सांगतं. थोडं तेल प्रत्येक इंजिन खातं. पण पाचशे किलोमीटरमध्ये पट्टी वरच्या खुणेवरून मध्यावर आली, तर हिशेब सरळ आहे. अर्धा लिटर गेलं. ते कुठे गेलं, हे शोधायला हवं. खाली जमिनीवर डाग पडतात का? नसतील पडत, तर ते जळतंय.

याचं एक उदाहरण सांगतो. हरिसालच्या पुढच्या एका गावातल्या शिक्षकांनी जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. गावात चारचाकी म्हणजे तेवढी एकच. मी तेल बदलून दिलं आणि वही लिहायला सांगितली. मास्तर माणूस, वही व्यवस्थित लिहिली. तीन आठवड्यांनी आले. पातळी दर आठवड्याला उतरत होती. पण वहीत त्यांनी मी न सांगितलेली एक गोष्टही लिहिली होती: चढावर धूर नाही, घटांगचा घाट उतरून खाली सपाटीला आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे निळा धूर.

एवढ्या एका ओळीने माझं अर्धं काम झालं. चढावर, ओझं ओढताना निळा धूर सतत निघत असेल तर संशय रिंगांवर जातो, आणि तो दुरुस्तीचा मोठा खर्च. पण लांब उतार गिअरवर उतरताना पेट्रोल इंजिनमध्ये हवा ओढण्याचा जोर वाढतो. व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाले असतील तर तेल त्यांच्या कडेने आत ओढलं जातं, साचतं, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एकदम जळतं. कॉम्प्रेशन तपासलं, ते ठीक निघालं. सील बदलले. इंजिन उतरवावं लागलं नाही. विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत बसले असते, किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून पूर्ण इंजिन बांधायला दिलं असतं, तर गावची ती एकुलती गाडी महिनाभर उभी राहिली असती. पावसाळा तोंडावर होता. त्या पावसाळ्यात दोन बाळंतिणी त्या व्हॅनमधून धारणीला वेळेवर पोचल्या, असं मास्तरांनी नंतर सांगितलं.

घाटाचा आणखी एक धोका ध्यानात ठेवा. चेंबरमधलं तेल पंप एका जाळीतून वर ओढतो. तेल किमान खुणेच्याही खूप खाली गेलेलं असेल, तर अकोल्याच्या सपाट रस्त्यावर काही जाणवणार नाही. पण घाटाच्या आवळ वळणावर, चढावर, उरलेलं तेल चेंबरच्या एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. त्या क्षणी समोर लाल दिवा लुकलुकतो, तेलाच्या चंबूचं चित्र असलेला. बरेच जण म्हणतात, वळण गेलं, दिवा गेला, म्हणजे ठीक आहे. श्रोतेहो, तो दिवा तेल कमी आहे असं सांगत नाही, तर तेलाचा दाब गेला आहे असं सांगतो. त्याचा अर्थ बेअरिंगला या घडीला तेल नाही. तो दिवा दिसला की सुरक्षित जागी लगेच थांबा, इंजिन बंद करा, पट्टी पाहा. तेल कमी असेल तर भरा. भरूनही दिवा गेला नाही तर गाडी ओढून न्या, पण चालवू नका. लांबच्या वाटेला निघताना गाडीत एक लिटरचा सीलबंद डबा ठेवा, तोच तेलाचा, जो इंजिनमध्ये आहे. आणि टर्बोची डिझेल गाडी असेल तर घाट चढून थांबल्यावर ती लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट नुसती चालू ठेवा. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. तिला थंड व्हायला तेवढा वेळ द्या.

शेवटी, काढलेल्या तेलाचं काय करायचं? आपल्याकडे ते दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावतात, कुंपणाच्या खांबांना फासतात, काही जण तर गुरांच्या जखमेवरही लावतात. कृपा करून असं करू नका. वापरलेल्या तेलात झिजलेले धातू आणि जळणातून आलेली, कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्यं असतात. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकलेली आहे. घरी तेल बदललं तर ते झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये नेऊन द्या, आणि गॅरेजवाल्याने ते परवानाधारकालाच द्यावं. सिपना काय, गडगा काय, आमच्या नद्यांचं पाणी तापीला मिळतं आणि पुढे कितीतरी गावांच्या तोंडी लागतं. नाल्यात ओतलेलं तेल नाल्यात राहत नाही.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधी फोन करून एवढंच सांगा, की मी सकाळी येतो, गाडी सुरू करू नका, थंडच असू द्या. मग त्याच्यासमोर झाकण उघडा, पट्टी पुसून पाहा, गाडी आपल्या हाताने चालू करा आणि पहिला धूर पाहा. ज्याची गाडी चांगली आहे, तो हसून बाजूला उभा राहील. जो घाई करेल, जो म्हणेल "तेलात काय पाहता भाऊ, कालच बदललं", त्याच्या गाडीपाशी जरा जास्त वेळ थांबा. आणि घेतलीत, तर घरी आल्यावर दोनशे पानांची एक वही तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पहिल्या पानावर तारीख घाला.